नेमायला दोघं, काढायला कोण? अमेरिकेतल्या मंत्र्यांच्या निष्ठेचं जुनं भांडण

ऑगस्ट २०२५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये मंत्रिमंडळाची एक बैठक झाली. टीव्हीचे कॅमेरे चालू ठेवून, तीन तासांहून जास्त वेळ. लांबलचक टेबलाभोवती बसलेले मंत्री आळीपाळीने बोलत होते आणि डोनाल्ड ट्रम्प यांचं कौतुक केल्याशिवाय कोणाचं बोलणं पुढे सरकत नव्हतं. आमच्या घरी ती क्लिप चालू असताना काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “हा संरक्षणमंत्री कुठल्या मतदारसंघातून निवडून आलाय रे?”

“कुठल्याच नाही.”

“मग राज्यसभेसारखं काहीतरी असेल.”

“तेही नाही. तिथं मंत्र्याला खासदार राहताच येत नाही.”

काका मिनिटभर गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे ज्यानं नेमलं त्याचीच आरती करायची. दुसरं आहे कोण त्याला?”

काकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यावरून अमेरिकेत सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. त्यापायी एका मंत्र्यानं तीन महिने स्वतःला कचेरीत कोंडून घेतलं आणि एका राष्ट्राध्यक्षाची खुर्ची एका मतावर येऊन ठेपली.

आधी दोन शब्दांचा गोंधळ मिटवू

अमेरिकेच्या बातम्यांत ‘सेक्रेटरी’ हा शब्द सारखा येतो. आपल्याकडे सेक्रेटरी म्हटलं की मंत्रालयातले आयएएस सचिव आठवतात, नाहीतर पार्किंगवरून भांडणारे सोसायटीचे सेक्रेटरी. अमेरिकेत सेक्रेटरी म्हणजे चक्क मंत्री. परराष्ट्र, संरक्षण, अर्थ अशी पंधरा खाती आहेत आणि त्या खात्यांचे प्रमुख मिळून मंत्रिमंडळ होतं.

दुसरा शब्द ‘काँग्रेस’. इथे तो पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद. तिची दोन सभागृहं: प्रतिनिधिगृह आणि सिनेट. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, राज्य लहान असो की मोठं. आज ५० राज्यं, म्हणून १०० सिनेटर. आपल्या गोष्टीत सिनेट महत्त्वाची, कारण राष्ट्राध्यक्ष मंत्र्याचं नाव सुचवतो, पण सिनेटनं होकार दिल्याशिवाय नेमणूक पक्की होत नाही. हा होकार नेहमीच उपचाराचा नसतो. १९८९ मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांनी संरक्षणमंत्री म्हणून जॉन टॉवर यांचं नाव दिलं. टॉवर स्वतः चोवीस वर्षं सिनेटर होते, म्हणजे घरचाच माणूस. तरी सिनेटनं ५३ विरुद्ध ४७ मतांनी ते नाव फेटाळलं.

थेट जनतेतला सरपंच आणि टाकीची किल्ली

आपली संसदीय पद्धत डोक्यात ठेवून अमेरिकेकडे पाहिलं की काहीच कळत नाही. आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतातून येतो, मंत्री खासदार असतात, आणि अख्खं मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. बहुमत गेलं की सरकार गेलं. कागदावर मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतो, व्यवहारात ती मर्जी पंतप्रधानांची. त्यामुळे मंत्र्याला काढायचं कोणी, यावर आपल्याकडे वाद घालायला जागाच नाही.

अमेरिकेची पद्धत समजून घ्यायला दिल्लीपेक्षा गावाकडे पाहिलेलं बरं. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. ज्यांच्या गावात सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे असं झालंय, त्यांना वॉशिंग्टन वेगळं समजावून सांगायला नको. दोघंही म्हणतात, मला लोकांनी निवडलंय. आणि दोघांचंही खरं असतं.

आता समजा, अशा गावात एक काल्पनिक नियम आहे. पाणीपुरवठ्यावरचा माणूस सरपंचानं सुचवायचा आणि सदस्यांनी मंजूर करायचा. माणूस नेमला गेला, टाकीची किल्ली त्याच्या खिशात आली. सहा महिन्यांनी सरपंच म्हणतो, “अमुक वस्तीला पाणी सोडू नको.” हा म्हणतो, “नियमात बसत नाही.” सरपंच म्हणतो, “चालता हो.” सदस्य म्हणतात, “तो आमच्या मंजुरीनं आलाय, आम्हाला न विचारता जाणार कसा?”

नियम काढून बघितला, तर नेमायचं कसं ते लिहिलंय. काढायचं कसं, याबद्दल एक ओळ नाही.

अमेरिकेच्या संविधानाचं नेमकं असंच झालं आहे.

राहून गेलेली ओळ

हे संविधान १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात लिहिलं गेलं. त्यात राष्ट्राध्यक्षाला काढण्याची रीत आहे, न्यायाधीशाला काढण्याची आहे. तिला महाभियोग म्हणतात: प्रतिनिधिगृहानं आरोप ठेवायचे, सिनेटनं न्यायनिवाडा करायचा, आणि दोन तृतीयांश मतं पडली तर पद गेलं. मंत्र्यालाही या वाटेनं काढता येतं. पण गुन्हा वगैरे काही नाही, नुसतं पटत नाही, भरवसा उरला नाही, तर? तिथे संविधान गप्प.

ही गोष्ट दोन वर्षांत ध्यानात आली. १७८९ मध्ये पहिल्याच काँग्रेसपुढे परराष्ट्र खातं उभं करायचा कायदा आला आणि खात्याच्या प्रमुखाला काढणार कोण यावर कित्येक दिवस चर्चा रंगली. कोणी म्हणालं, नेमताना सिनेट हवी तर काढतानाही हवी. जेम्स मॅडिसन यांचं म्हणणं वेगळं होतं. कारभाराचा जाब राष्ट्राध्यक्षाला द्यायचाय, मग माणूस बदलायचा अधिकारही त्यालाच हवा. सिनेटमध्ये मतं समसमान पडली. उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी निर्णायक मत राष्ट्राध्यक्षाच्या बाजूनं टाकलं आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

मिटला म्हणजे झाकला गेला. पुढची पंच्याहत्तर-ऐंशी वर्षं साधारण याच रिवाजानं कारभार चालला. मग गुलामीच्या प्रश्नावरून दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली आणि उत्तर-दक्षिण यादवी युद्ध झालं.

एक शिंपी, एक वकील आणि युद्धखातं

एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. लिंकन रिपब्लिकन, जॉन्सन डेमोक्रॅट. युद्धाच्या काळात एकीचं दर्शन घडवायचं म्हणून १८६४ च्या निवडणुकीत ही जोडी जमवलेली. जॉन्सन टेनेसीचे, पेशानं शिंपी, कधी शाळेत न गेलेले. फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांपैकी सिनेटमध्ये टिकून राहिलेले ते एकटेच सिनेटर. म्हणजे देशावरच्या निष्ठेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. पण गुलामीतून सुटलेल्या चाळीस लाख माणसांना नागरिकाचे हक्क द्यायचा प्रश्न आला, तेव्हा हाच माणूस आडवा आला. १८६६ चा नागरी हक्क कायदा त्यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवला. काँग्रेसमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं, तिनं दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढला. पुढची दोन वर्षं हाच खेळ चालला.

जॉन्सन यांच्या वाट्याला मंत्रिमंडळ आलं तेही लिंकन यांचंच. त्यात युद्धमंत्री होते एडविन स्टँटन. पेशानं वकील, दाढी छातीपर्यंत, स्वभाव तिरसट, पण कामाला वाघ. युद्ध संपलं तरी युद्धखातं महत्त्वाचं राहिलं होतं, कारण मार्च १८६७ मध्ये काँग्रेसनं दक्षिणेतली दहा राज्यं पाच लष्करी विभागांत वाटली. नव्या नागरिकांचं नाव मतदारयादीत लागतं की नाही, त्यांना कोणी मारहाण करतं का, हे सगळं लष्कराच्या हाती. आणि लष्कराच्या कारभाराची नाडी युद्धमंत्र्याकडे. आपल्या गावातली टाकीची किल्ली ती हीच.

स्टँटन बसत राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळात, आणि मन काँग्रेसकडे. जॉन्सन त्यांना काढणार हे दिसतच होतं. म्हणून २ मार्च १८६७ रोजी काँग्रेसनं एक कायदा केला. त्याचा मथितार्थ असा, की सिनेटच्या मंजुरीनं नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या मंजुरीशिवाय काढायचं नाही. आपण त्याला कार्यकाळ कायदा म्हणू. जॉन्सन यांनी तो नकारला, काँग्रेसनं त्याच दिवशी नकार मोडला. यातली गंमत अशी, की हा कायदा संविधानात बसत नाही असं मंत्रिमंडळात ठणकावून सांगणाऱ्यांत खुद्द स्टँटन होते. नकाराचा मसुदा तयार करायलाही त्यांनी हात लावला होता. पुढे त्यांनी याच कायद्याचा आसरा घेतला.

“राजीनामा द्या.” “देत नाही.”

५ ऑगस्ट १८६७ रोजी जॉन्सन यांनी स्टँटन यांना दोन ओळींचं पत्र धाडलं: सार्वजनिक हिताच्या उच्च कारणांमुळे मला सांगणं भाग आहे, की आपला राजीनामा स्वीकारला जाईल. स्टँटन यांनी तीच शब्दरचना उचलून परत केली: सार्वजनिक हिताच्या उच्च कारणांमुळेच मी या पदावर टिकून आहे, आणि त्याच कारणांमुळे काँग्रेसची पुढची बैठक भरेपर्यंत मला राजीनामा देता येणार नाही.

सरकारी भाषेत एकमेकांना इतकं सभ्यपणे झोडपलेलं मी क्वचितच वाचलंय.

जॉन्सन यांनी आठवड्याभरात त्यांना निलंबित केलं आणि युद्धातले नायक जनरल युलिसिस ग्रँट यांना तात्पुरतं त्या जागी बसवलं. जानेवारी १८६८ मध्ये सिनेटनं ३५ विरुद्ध ६ मतांनी सांगितलं, निलंबन नामंजूर. ग्रँट यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली देऊन टाकली आणि बाजूला झाले. स्टँटन परत खुर्चीत. ग्रँट यांनी आपल्याला दिलेला शब्द मोडला म्हणून जॉन्सन भडकले. दोघांत झालेला पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापून आला आणि लोकांनी तो चवीनं वाचला.

२१ फेब्रुवारीला जॉन्सन यांनी कायदा धाब्यावर बसवून स्टँटन यांना थेट बडतर्फ केलं. लोरेन्झो थॉमस नावाचे वयस्क जनरल नेमणुकीचं पत्र घेऊन युद्धखात्यात पोचले. स्टँटन यांनी पत्र वाचलं आणि विचार करायला वेळ मागितला. सिनेटर चार्ल्स समनर यांनी त्यांना एकाच शब्दाचा निरोप पाठवला, ज्याचा मराठीत अर्थ होईल: “चिकटून राहा.” स्टँटन चिकटून राहिले. कचेरीतच मुक्काम, दारावर पहारा.

थॉमस त्या रात्री मुखवट्यांच्या नाचाला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे, न्याहारीच्या आधीच, स्टँटन यांच्या तक्रारीवरून त्यांना अटक झाली. जामिनावर सुटून ते पुन्हा युद्धखात्यात आले. “मी युद्धमंत्री आहे.” “नाही, मी आहे.” असं बराच वेळ चाललं. मग थॉमस कुरकुरले, की पुढच्या वेळी अटक करायची तर निदान काही पोटात गेल्यावर करा. त्यावर स्टँटन विरघळले. त्यांनी थॉमस यांच्या गळ्यात हात टाकला, केसांतून बोटं फिरवली आणि व्हिस्की मागवली. छोटीशी कुपी आली, तेवढीच होती. दोघांनी पेले उंच धरून, कोणाला कमी-जास्त नको म्हणून मापून वाटून घेतली. तेवढ्यात माणूस पूर्ण बाटली घेऊन आला, मग आणखी एक पेला झाला. ही सगळी हकीकत थॉमस यांनी पुढे सिनेटसमोरच्या साक्षीत सांगितली.

व्हिस्की संपली. हटून बसणं चालूच राहिलं.

पस्तीस विरुद्ध एकोणीस

दोनच दिवसांनी, २४ फेब्रुवारी १८६८ रोजी, प्रतिनिधिगृहानं १२६ विरुद्ध ४७ मतांनी जॉन्सन यांच्यावर महाभियोग मंजूर केला. अमेरिकेच्या इतिहासात राष्ट्राध्यक्षावरचा हा पहिला महाभियोग. एकूण अकरा आरोप, त्यातले बहुतेक स्टँटन यांच्या बडतर्फीभोवती फिरणारे. मग सिनेटमध्ये खटला उभा राहिला, सरन्यायाधीश सॅमन चेस अध्यक्षस्थानी. गर्दी इतकी, की गॅलरीसाठी तिकिटं छापावी लागली.

जॉन्सन यांच्या वकिलांनी कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की मंत्री त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळात आणि त्यानंतर एक महिना पदावर राहील. स्टँटन यांना नेमलं होतं लिंकन यांनी. मग जॉन्सन यांच्या काळात त्यांना या कायद्याचं संरक्षण उरतं का? मुद्दा बारीक, पण बिनतोड.

तेव्हा सिनेटर ५४ होते. दोषी ठरवायला ३६ मतं हवीत. १६ मे रोजी एकेकाचं नाव पुकारलं गेलं आणि बेरीज आली ३५ विरुद्ध १९. सात रिपब्लिकन सिनेटर आपल्या पक्षाविरुद्ध गेले. जॉन्सन दोषी ठरले असते तर त्यांची खुर्ची मिळणार होती सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेन वेड यांना, आणि त्या वेडसाहेबांनी स्वतः ‘दोषी’ असं मत दिलं, यावरून तेव्हाही लोकांनी तोंडात बोटं घातली होती. दहा दिवसांनी आणखी दोन आरोपांवर मतदान झालं, तोच आकडा. त्याच दिवशी स्टँटन कचेरी सोडून निघाले.

त्या सातांपैकी पुन्हा एकही जण सिनेटवर निवडून गेला नाही. जॉन्सन मात्र १८७५ मध्ये टेनेसीतून सिनेटर होऊन त्याच सभागृहात परतले. त्यांना शपथ दिली उपराष्ट्राध्यक्ष हेन्री विल्सन यांनी, ज्यांनी सात वर्षांपूर्वी सिनेटर म्हणून त्यांना दोषी ठरवणारं मत टाकलं होतं.

मग आज कायदा काय म्हणतो?

कार्यकाळ कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका पोस्टमास्तराचा खटला आला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्याला सिनेटला न विचारता काढलं होतं. कोर्टानं ६ विरुद्ध ३ अशा बहुमतानं राष्ट्राध्यक्षाची बाजू घेतली आणि जाता जाता सांगितलं, की तो १८६७ चा कायदाही संविधानाला धरून नव्हता. निकाल लिहिला सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट यांनी, जे स्वतः आधी राष्ट्राध्यक्ष होते. म्हणजे माजी सरपंचानंच सरपंचाच्या अधिकाराचा निवाडा केला.

आज मंत्र्यापुरता प्रश्न सुटलेला आहे. नेमायला दोघं लागतात, काढायला एकटा राष्ट्राध्यक्ष पुरतो. मंत्र्याहून वेगळी एक जमात मात्र आहे, स्वायत्त आयोगांची. व्यापारावर देखरेख ठेवणारा, कामगारांचे तंटे सोडवणारा, असे. त्यांच्या सदस्यांना नुसत्या मर्जीवर काढता येणार नाही असं कोर्टानं १९३५ मध्ये एकमतानं म्हटलं, तेही फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्यासारख्या दणकट राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अशा आयोगांतले सदस्य काढायला सुरुवात केली आणि १९३५ चा तो निकाल टिकवायचा की मोडायचा, हा प्रश्न कोर्टानं पुन्हा ऐकायला घेतला.

“लोकांनी राष्ट्राध्यक्षाला निवडलंय, मग मंत्र्यानं ऐकायला नको?”

हा आक्षेप रास्त आहे, आणि मला वाटतं मॅडिसन यांचा मुद्दा आजही तगडा आहे. ज्याला कोणी मत दिलं नाही असा मंत्री ‘मला पटत नाही’ म्हणून निवडून आलेल्याचे हुकूम अडवत बसला, तर निवडणूक कशासाठी? धोरणाच्या बाबतीत मंत्र्यानं ऐकावं, नाहीतर घरी जावं. स्टँटन यांचा हेतू मला पटतो, त्यांचं दार लावून बसणं पटत नाही.

पण हुकूम धोरणाचा नसेल तर? २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीच्या प्रकरणात, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचीच चौकशी चालू होती आणि विशेष अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स त्यांच्याकडे ध्वनिफिती मागत होते. निक्सन यांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथले कायदामंत्री, एलियट रिचर्डसन यांना फर्मावलं: कॉक्सना काढा. रिचर्डसन यांनी पाच महिन्यांपूर्वी आपल्या नेमणुकीच्या वेळी सिनेटला शब्द दिला होता, की या चौकशीत ढवळाढवळ करणार नाही. त्यांनी राजीनामा दिला. मग त्यांचे उपमंत्री विल्यम रकलशॉस यांना तोच हुकूम. त्यांनीही नकार दिला, तेही गेले. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क यांनी सही केली. कॉक्स गेले, पण लोक इतके खवळले की पुढच्या ऑगस्टमध्ये निक्सनही गेले.

रिचर्डसन यांनी दार लावून घेतलं नाही. ते उठून चालते झाले. ‘मी हे करणार नाही, तुम्हाला करायचं तर दुसरा माणूस शोधा’ एवढंच सांगितलं. सिनेटची मंजुरी इथे उपयोगी पडली, ती काढताना नव्हे, नेमताना. तिथे दिलेला शब्द पाच महिन्यांनी आडवा आला.

आणि एक. मंत्री शपथ घेतो ती संविधानाची. त्या शपथेत राष्ट्राध्यक्षाचं नाव तर सोडाच, पदाचाही उल्लेख नाही. २०१७ मध्ये एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख जेम्स कोमी यांना ट्रम्प यांनी काढलं. नंतर सिनेटसमोर कोमी यांनी शपथेवर सांगितलं, की जेवणाच्या टेबलावर ट्रम्प यांनी आपल्याकडे निष्ठा मागितली होती. ट्रम्प यांनी ते नाकारलं. वाद काही असो, ‘कोणावर निष्ठा’ हा सवाल जेवणाच्या टेबलावर येऊ शकतो, कारण कागदावर त्याचं उत्तर अर्धवट आहे.

“पण संसद काय करते? पाडा ना सरकार!”

पाडता येत नाही. तिथे अविश्वास ठराव नाही. राष्ट्राध्यक्षालाही काँग्रेस बरखास्त करता येत नाही. एका वाड्यात दोन चुली, आणि चार वर्षं वाडा सोडून कोणालाच जाता येत नाही. हाताशी उरतं ते काय: पैसे अडवणं, समितीपुढे बोलावून घाम फोडणं, नेमणूक रोखणं आणि शेवटी महाभियोग. महाभियोगाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षातले लोक फुटावे लागतात.

फुटायला तर कायद्यानं मोकळीक आहे. आपल्याकडे पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदी कायद्यानं आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. निष्ठावंत कोण आणि गद्दार कोण हे अध्यक्षांच्या दालनात आणि सुप्रीम कोर्टात कसं ठरतं, ते महाराष्ट्राला २०२२ पासून तोंडपाठ आहे. अमेरिकेत असा कायदाच नाही. सिनेटरनं पक्षाविरुद्ध मत दिलं तरी त्याची खुर्ची शाबूत. मग तरी ते घाबरतात कोणाला?

प्रायमरीला. म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक. तिथे तिकीट हायकमांड देत नाही, पक्षाला मानणारे मतदार देतात. हे मतदार ज्या नेत्याच्या शब्दावर चालतात, तो नेता नुसतं म्हणाला की अमुक माणूस आपला नाही, तरी पुढच्या प्रायमरीत त्याचा बाजार उठू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प समर्थकांनी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर केलेल्या हल्ल्यानंतर प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला पाठिंबा दिला. चौघांनी पुढची निवडणूक लढवलीच नाही, चौघं प्रायमरीत हरले, दोघंच परत आले. हरलेल्यांत लिझ चेनी होत्या, माजी उपराष्ट्राध्यक्षांची मुलगी. सिनेटमध्ये त्या वेळी पक्षाविरुद्ध जाणारे रिपब्लिकन किती होते? सात. १८६८ मध्ये होते तेवढेच, फक्त या वेळी दोषी ठरवण्याच्या बाजूनं. मतं पडली ५७ विरुद्ध ४३. हवी होती ६७.

‘कार्यवाहक’ नावाची पळवाट

शेवटची एक गोष्ट, जी बातम्यांत निसटून जाते. मंत्री काढला की नव्याला पुन्हा सिनेटची पायरी चढावी लागते. तोवर जागा रिकामी कशी ठेवणार, म्हणून कायद्यानं कार्यवाहक, म्हणजे तात्पुरता प्रमुख, बसवायची सोय आहे. साधारण २१० दिवसांची मुदत, तीही वेगवेगळ्या कारणांनी लांबते. सोय चांगली आहे. पण जो माणूस सिनेटपुढे आलाच नाही, त्यानं सिनेटला कसला शब्द दिलेला नसतो. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत उघडच म्हटलं होतं, की कार्यवाहक माणसं आपल्याला आवडतात, त्यानं मोकळीक राहते.

काकांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की मग बातमीत बघायचं काय. ‘अमुक मंत्र्याला डच्चू’ हा मथळा सोडून द्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात त्याच्या जागी आलेल्याचं नाव असतं, ते शोधायचं. त्या नावाआधी ‘कार्यवाहक’ आहे का, आणि असेल तर किती दिवसांपासून, ते बघायचं.